डोंगरालाच पंच नेमलं तर

मंडळाच्या गणेशोत्सवात ओळखीची मंडळी भेटली, की आधी मुलांची चौकशी होते. कुणाचा मुलगा व्हायोलिन वाजवतो, कुणाची मुलगी स्पेलिंगच्या स्पर्धेत राज्यात आलेली असते. आमच्या धाकटीबद्दल कुणी विचारलं, की मी जरा घुटमळतो आणि सांगतो, "ती एकचाकी सायकल चालवते. डोंगरात." ऐकणारा क्षणभर थांबतो. लहानपणी पाहिलेल्या सर्कशीतला विदूषक त्याच्या डोळ्यांपुढून सरकलेला मला स्पष्ट दिसतो. मग तो सौजन्यानं विचारतो, "बरं, आणि अभ्यास?"

हा लेख तिच्या कौतुकासाठी नाही. हे एका पुस्तकाचं परीक्षण आहे, आणि पुस्तकही असं, की ज्याला साहित्य म्हणायला कुणी धजणार नाही. आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग महासंघाचं नियमपुस्तक. २०२३ च्या ऑक्टोबरात सिएराच्या पायथ्याशी झालेल्या एका छोट्या शर्यतीत आमची कन्या तिच्या वयोगटात शेवटून पहिली आली, आणि परतीच्या वाटेवर गाडीत दोन तास एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर तिनं हे पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हे वाचा आणि सांगा, हे बरोबर आहे का." मी पेशानं इंजिनिअर, नियमावल्या वाचण्यात आयुष्य गेलं. पण मुलीला उत्तर द्यायचं म्हणून एखादी नियमावली वाचण्याची ही पहिलीच वेळ.

आधी थोडी ओळख. एकचाकीवरून खडकाळ वाटांवर जाण्याचा उद्योग १९८० च्या दशकात जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत, एकमेकांचा पत्ता नसलेल्या माणसांनी सुरू केला. त्यांतलं ठळक नाव अलास्कातल्या सीवर्ड गावच्या जॉर्ज पेक यांचं. पुढे कॅनडाचे क्रिस होम आले. हे गृहस्थ भूवैज्ञानिक. डोंगराशी त्यांचं दुहेरी नातं. १९९९ पासून त्यांच्या नावानं मजबूत एकचाकी बनू लागल्या. त्याआधीच्या सायकलींचे आस आणि क्रँक दोन-चार उड्यांत वाकायचे. सर्कशीच्या गुळगुळीत फळीसाठी केलेली वस्तू दगडावर आपटली, की दुसरं काय होणार? खाचांचा आस, तीन इंच रुंद टायर, लांब उतारासाठी ब्रेक या सगळ्या गोष्टी एकेक करत आल्या. शहरी ट्रॅकवरच्या शर्यती मात्र त्याहून जुन्या. महासंघाची पहिली जागतिक स्पर्धा १९८४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला झाली. २०२४ ची मिनेसोटातल्या बेमिजी या गावी.

आता पुस्तक. त्यातलं ट्रॅकच्या शर्यतींचं प्रकरण वाचताना मला माझ्या पहिल्या नोकरीतल्या साहेबांची आठवण झाली. सगळं मोजून-मापून. प्रौढांच्या नेहमीच्या शर्यतीत चाक चोवीस इंची वर्गातलं, म्हणजे टायरसकट व्यास जास्तीत जास्त ६१८ मिलिमीटर. क्रँक, म्हणजे आसापासून पेडलपर्यंतची दांडी, १२५ मिलिमीटरपेक्षा आखूड चालणार नाही. लहान मुलांसाठी वीस इंची वर्ग, तिथे व्यास ५१८ आणि क्रँक १०० च्या खाली नाही. गिअर नाही. ज्यांना याहून मोठी चाकं हवीत त्यांच्यासाठी वेगळे गट.

हे आकडे इतके काटेकोर का, हे कळायला साधा गुणाकार पुरतो. एकचाकीला साखळी नसते. पेडल एकदा फिरलं की चाक एकदाच फिरतं. ६१८ मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात एक मीटर चौऱ्याण्णव सेंटिमीटर पुढे जातं. म्हणजे शंभर मीटर धावायचे, तर पायांना जवळजवळ बावन्न फेरे घ्यावे लागतात. चांगले खेळाडू हे अंतर तेरा सेकंदांच्या आत कापतात. सेकंदाला चार फेरे! बसल्या जागी पाय हवेत फिरवून पाहा, म्हणजे कल्पना येईल. (मी पाहिले. आमच्या सौभाग्यवतींनी डॉक्टरांना फोन करू का म्हणून विचारलं.) अशा शर्यतीत चाक दोन इंचांनी मोठं असलं, तर पायांत काही कसब नसताना माणूस पुढे जाईल. म्हणून चाक सर्वांना सारखं. इथे परीक्षा एकाच गोष्टीची आहे: पाय किती झरझर फिरतात. नियम त्या परीक्षेची राखण करतो. हा नियम मला पटला.

अर्थात पूर्ण न्याय तिथेही नाही. १२५ मिलिमीटरची दांडी सहा फुटी गड्यालाही तीच आणि पाच फुटी बाईलाही तीच. यंत्र मिलिमीटरपर्यंत सारखं केलं, तरी शरीरं सारखी होत नाहीत. पण पुस्तकानं तिथे निदान एक बाजू निश्चित धरली आहे.

मग येतं डोंगराचं प्रकरण, आणि तिथे लेखकाचा सूरच पालटतो. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचं आवरण, बूट यांची सक्ती आहे. ती असलीच पाहिजे. पण यंत्राबद्दल? २०१० नंतरच्या ज्या आवृत्त्या मी चाळल्या, त्यांत चाकाच्या आकाराला मर्यादा नाही, क्रँकच्या लांबीला नाही, ब्रेकला नाही, गिअरलाही नाही. इतकी पानं माप घेणारं पुस्तक इथे टेप खिशात घालून म्हणतं, जा, काय हवं ते घेऊन या.

पहिल्या वाचनात मला हा निव्वळ आळस वाटला. दुसऱ्या वाचनात वाटलं, की यात एक फार सुंदर कल्पना दडलेली आहे. फक्त पुस्तकानं ती कुठे लिहून ठेवलेली नाही. कल्पना अशी, की डोंगर स्वतःच पंच आहे.

छत्तीस इंची चाक घ्या. एका फेऱ्यात ते दोन मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटर जातं. मिनिटाला शंभर फेरे धरले, तर चोवीस इंची चाकाचा वेग ताशी साडेअकरा किलोमीटरच्या आसपास येतो, छत्तीस इंचीचा सतराच्या वर. सपाट वाटेवर चोवीसवाल्यानं त्याची पाठ बघत राहायचं. शिवाय मोठं चाक झाडांच्या मुळांवरून, लहान दगडांवरून सहज तरंगत जातं. छोटं चाक त्याच मुळापाशी अडखळतं. पण चढ लागला की हिशेब उलटतो. मोठ्या चाकाला फिरवायला तितकाच जास्त जोर लागतो. दीडशे मिलिमीटरची दांडी चोवीस इंची चाकावर जो आधार देते, तो छत्तीस इंचीवर दोन-तृतीयांशच उरतो. चाक जड, गती घ्यायला मंद, थांबवायला त्याहून कठीण. अरुंद वळणावर ते वळता वळत नाही. आणि पडलात, तर उंचावरून पडता. क्रँकचंही तेच: लांब दांडी चढावर सोबत करते आणि सपाटीवर पाय दमवते, आखूड दांडी सपाटीवर पळवते आणि चढावर साथ सोडते.

म्हणजे इथे प्रत्येक फायद्याची किंमत आहे, आणि ती त्याच वाटेवर, त्याच दिवशी, स्वतःच्या मांड्यांनी चुकवायची आहे. वाट आधी बघून, आपले पाय ओळखून चाक निवडणं हाच खेळाचा एक भाग होतो. कॅरममध्ये स्ट्रायकर कुठे ठेवायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं, तसं. अशा ठिकाणी चाक सर्वांना सारखं केलं असतं, तर नियमानं खेळातली अर्धी अक्कल काढून घेतली असती. म्हणून मोकळीक हाच इथला न्याय. हे मी मुलीला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि गिअर?"

त्या दिवशी तिच्या गटात पहिल्या आलेल्या मुलाच्या एकोणतीस इंची सायकलीला गिअरचा हब होता. स्वित्झर्लंडच्या फ्लोरिअन श्लुंफ नावाच्या कल्पक यंत्रज्ञानं केलेली ही करामत. चाकाच्या मध्यावरच दातेरी चक्रं बसवलेली. आसाच्या टोकाशी एक बटण. चालत्या सायकलीवर टाचेनं ते दाबलं, की एका फेऱ्याला चाक दीडपटीहून किंचित जास्त फिरतं. दुसऱ्या बाजूचं बटण दाबलं, की पुन्हा एकास एक. यंत्र म्हणून याला माझा नमस्कार. एका चाकावर तोल सांभाळत टाचेनं नेमकं बटण दाबणं हे सोपं काम नव्हे. वजन वाढतं, हबमध्ये थोडी ढिलाई जाणवते, आणि वरच्या गिअरमध्ये तोल गेला तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणजे शरीरानं चुकवायची किंमत इथेही आहे.

पण चढावर एकोणतीस आणि सपाटीवर पंचेचाळीस, अशी दोन चाकं एकाच सायकलीत आली, की डोंगराचं पंचपद डळमळतं. आपल्या अंगणातल्या वाटेवर जो सौदा प्रत्येकाला करावा लागत होता, 'चढ घेऊ की सपाटी', तो या स्वाराला करावा लागत नाही. त्यानं किंमत आधीच चुकवलेली असते, दुकानात. आणि ती हजार डॉलरच्या बरीच वर असते. तेवढ्यात आमच्या मुलीच्यासारख्या दोन साध्या सायकली येऊन वर काही उरलं असतं.

इथे मला लहानपणीच्या वाड्यातलं क्रिकेट आठवलं. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. आऊट झाला तरी बॅट घेऊन घरी जाण्याची धमकी. तिथे निदान बॅटवाल्याला आपण अन्याय करतोय हे ठाऊक असायचं.

तर माझं मत झालं: गिअरला बंदी हवी. मी ते मुलीला सांगितलं, आणि वाटलं, आता ती खूश होईल. ती झाली नाही. ती म्हणाली, "बाबा, चोवीसला दीडनं गुणा."

छत्तीस.

तिचं म्हणणं असं. ती चार फूट दहा इंच. छत्तीस इंची चाकावर बसायला लांब पाय लागतात. तिला ती सायकल चढूनच जाता येत नाही. उंच मुलगा 'मर्यादा नाही' या नियमाखाली छत्तीस इंची चाक आणू शकतो. तिच्यापुढे तो नियम तसाच मोकळा आहे, पण फक्त कागदावर. गिअरचा हब लावलेलं चोवीस इंची चाक म्हणजे आखूड पायांच्या माणसाचं छत्तीस इंची चाक. त्यावर बंदी घातली, तर मोठ्या चाकाचा फायदा उंच मुलांनाच कायमचा बहाल केल्यासारखं होईल. "म्हणजे तुमचा नियम पैशाचा अन्याय काढतो आणि उंचीचा ठेवतो."

मी वाद घालायला गेलो आणि इतिहास तिच्या बाजूनं निघाला. १८७० च्या दशकातली ती प्रचंड पुढच्या चाकाची सायकल आठवा, जुन्या विलायती चित्रांत दिसते ती. तिचे पेडल थेट पुढच्या चाकाला असत, अगदी एकचाकीसारखे. म्हणून वेगासाठी चाक मोठं, आणि चाक किती मोठं हे ठरायचं स्वाराच्या पायाच्या लांबीवर. लंबूटांग्यांचा खेळ. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीनं साखळीची 'रोव्हर' आणली. साखळी म्हणजेच गिअर. लहान चाकानं मोठ्या चाकाचा वेग मिळू लागला आणि बुटक्या माणसाला, बायकांना सायकल खुली झाली. उंच चाकाच्या शर्यतीचं पावित्र्य राखण्यासाठी साखळीवर बंदी घालणारा कुणी त्या काळी असता, तर त्याचे युक्तिवाद माझ्यासारखेच असते, हे मला कबूल करावं लागलं.

त्यानंतर चारच वर्षांनी, मे १८८९ मध्ये, बेलफास्टच्या मैदानावर विली ह्यूम हा स्वार डनलॉपचे हवेचे टायर लावून उतरला. ते जाडजूड टायर बघून लोक हसले, आणि शर्यती ह्यूमनं जिंकल्या. हरलेल्यांत हार्वी डू क्रॉ यांचे मुलगे होते. वडिलांनी तक्रार करत न बसता पुढे त्या टायरच्या कंपनीतच पुढाकार घेतला. तो दिवस न्यायाचा होता का? त्या दिवसापुरता नक्कीच नव्हता. हवेचे टायर एकाकडे होते. पण त्या दिवसाच्या न्यायासाठी टायरच नाकारले असते, तर पुढच्या सगळ्यांवर अन्याय झाला असता.

महागड्या यंत्रांविरुद्ध म्हणून केलेले नियम प्रत्यक्षात कुणावर पडतात, तेही पाहण्यासारखं आहे. स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री हा स्वार. त्यानं स्वतःच्या हातानं सायकल बांधली, तिच्यात वॉशिंग मशीनमधलं बेअरिंग घातलं, हात छातीखाली दुमडून बसण्याची नवी तऱ्हा काढली आणि जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामारला तासाभरात ५१.५९६ किलोमीटर जाऊन जागतिक विक्रम केला. १९९४ मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं ती बसण्याची तऱ्हाच बाद ठरवली. पैशाचा माज वगैरे तिथे प्रश्नच नव्हता. भंगारातून केलेलं यंत्र नियमात बसेना. पुढे २००० साली त्याच संघटनेनं तासाचा विक्रम एडी मर्क्सच्या १९७२ च्या सायकलीसारख्या सायकलीवरच हवा, असं ठरवलं, आणि २०१४ साली तेही बदललं. चौदा वर्षं जपलेलं सोवळं एका ठरावानं सुटलं. ज्या नियमाला आपण कशाची राखण करतो हेच माहीत नाही, त्याचं असंच व्हायचं.

आणि आता माझी स्वतःची अडचण सांगतो. हजार-दीड हजार डॉलर आम्हाला जड नव्हते. पियानोच्या शिकवणीवर, उन्हाळी शिबिरांवर आपण सगळेच याहून जास्त घालवतो आणि त्याला गुंतवणूक म्हणतो. मग गिअरला विरोध करताना मी न्यायाची भाषा बोलत होतो, की खिशाची? चार दिवस हा प्रश्न मला छळत होता. उत्तर मिळालं ते तिच्याच क्लबातल्या एका मुलाकडे बघून. त्याची आई दोन नोकऱ्या करते. तो क्लबची सायकल वापरतो, शनिवारी नेतो आणि रविवारी परत करतो. त्या सायकलीचं चाक सव्वीस इंची, क्रँकला पेडलसाठी दोन भोकं. चढ जास्त असला की तो पान्यानं पेडल बाहेरच्या भोकात लावतो, सपाटी असली की आतल्या. हा त्याचा गिअर. आम्ही हब घेतला असता, तर आमची मुलगी त्या पहिल्या आलेल्या मुलाच्या बरोबरीला आली असती. या मुलाच्या मागे मात्र अजून एक माणूस पुढे गेलं असतं.

म्हणून पुस्तकाबद्दलचं माझं मत असं झालं आहे. डोंगराच्या प्रकरणातली मोकळीक ठेवा. प्रौढांच्या खुल्या गटात ज्याला जे आणायचं ते आणू द्या, गिअरसुद्धा. तिथे नवं काही घडलं पाहिजे. पण त्याच्याशेजारी विना-गिअर गट हवा, आणि तो कोपऱ्यातला नव्हे, बक्षीस-प्रशस्तिपत्रासह. ट्रॅकच्या शर्यतीत हेच पुस्तक गट पाडतं, मग डोंगरात का कचरतं? मुलांच्या शर्यतीत तर गट वयापुरता पाडून भागत नाही. तेराव्या वर्षी एक मुलगा पावणेसहा फूट असतो आणि एक मुलगी पाच फुटांच्या आत. चाकाला वरची मर्यादा घातली, तर निदान त्या वयात उंचीचा व्याज-बट्टा वसूल होणार नाही. वीस इंची चाकाच्या मुलांची मापं मिलिमीटरमध्ये घेणाऱ्या पुस्तकाला हे सुचू नये, याचं मला नवल वाटतं. मला वाटतं, डोंगराचं प्रकरण लिहिणारी माणसं स्वतः इतकी डोंगरवेडी आहेत, की त्यांना तिथे मुलंही आपल्यासारखीच दिसतात.

या पुस्तकाचा खरा दोष मला यापेक्षा वेगळा वाटतो. ते नियम सांगतं. कारण क्वचितच सांगतं. ६१८ मिलिमीटर का, आणि डोंगरात काहीच मर्यादा का नाही, हे प्रत्येक ठिकाणी दोन ओळींत लिहिलं असतं, तर हरलेल्या मुलीला निदान कशाविरुद्ध भांडायचं ते कळलं असतं. नियमपुस्तक रुक्ष असावं, हे मान्य. मुकं का असावं?

माझं हे सगळं निरूपण मुलीनं ऐकलं. मोठ्या गटांचं जागतिक महासंघ बघेल, असं म्हणाली. तिनं स्वतः मात्र आपल्या छोट्या शर्यतीच्या संयोजकांना एक पत्र लिहिलं. त्यात बंदीची मागणी नव्हती, नवा गटही मागितला नव्हता. निकालाच्या तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे चाकाचा आकार आणि गिअर आहे की नाही, एवढं छापावं, अशी विनंती होती. मला हे फारच थोडं वाटलं. मी म्हटलंसुद्धा, की अगं, मागायचंच तर नीट माग. "आधी दिसू तर दे," ती म्हणाली.

२०२४ च्या ऑक्टोबरात निकालाचा कागद झाडाला टाचणीनं लावला होता. दोन नवे रकाने होते, हातानं आखलेले, जरा वाकडे. क्लबची सायकल आणणारा मुलगा तिसरा, सव्वीस, गिअर नाही. आमची कन्या सहावी, चोवीस, गिअर नाही. लोक कागदासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे होते, आणि बोटं नावांवरून सरकून शेवटच्या दोन रकान्यांत थांबत होती. पहिल्या आलेल्या मुलाचे वडील तिथेच उभे होते. त्यांनी मला विचारलं, तुमची मुलगी आमच्या मुलाची सायकल एकदा चालवून बघेल का, त्याला तिची बघायची आहे. दोघं दुपारभर सायकली अदलाबदल करून पडत होती.